ओट्याखालचा अंधार

आज सकाळी पाटणहून आईचा फोन आला. "लय दिस झालं बाई, ऊन न्हाई दिसलं. धरणाची दारं उघडणार म्हणत्यात. तुमच्याकडं कसं हाय?"

"इकडं नुसती भुरभुर आहे," मी म्हणाले. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेले, ओट्यासमोर उकिडवी बसले आणि कपाटांच्या फळ्यांच्या खालच्या कडा अंगठ्यानं दाबून पाहिल्या. कोरड्या होत्या, टणक होत्या. तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या दाबल्या. बाहेर गल्लीत पोरं पावसात सायकली फिरवत होती, शेजारी कुठंतरी कांदा परतल्याचा वास सुटला होता, सांगलीत कुणालाच काही झालेलं नव्हतं. मी मात्र परत पहिल्या कडेपासून दाबायला सुरुवात केली.

आमच्या पाटणला पाऊस म्हणजे भ्यायची गोष्ट नव्हती. चार महिने भिंतींना ओल, पांघरुणांना कुबट वास, चुलीपाशी वाळत घातलेली दप्तरं, आणि रात्रंदिवस पत्र्यावरचा तो एकसुरी आवाज, ज्याच्याशिवाय पुढं मला कितीतरी दिवस झोप लागायची नाही. डोंगरावरून आलेलं पाणी आमच्या दारापुढच्या ओघळातून खळाळत जायचं. आम्ही त्यात पानं सोडायचो. ते पुढं कुठं जातं, हे कधी कुणाला विचारलं नाही. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा कळलं. ते इथं येतं.

महापुराच्या वर्षी, श्रावणात, ते घरातच आलं. गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर तेव्हा माणसं तीन: मी, माझा नवरा दीपक आणि नुकतीच रांगायला लागलेली आमची ओवी. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलंय असं कुणीतरी ओरडत गेलं. दीपकनं माझं शिलाईमशीन वर, पहिल्या मजल्यावरच्या शमीमभाभींकडं नेऊन ठेवलं. मी ओवीला कडेवर घेतलं, तिच्या दुपट्यांची पिशवी उचलली आणि आम्ही कुंडलला सासऱ्यांकडं निघालो. निघताना मी स्वयंपाकघराचं दार ओढून कडी घातली. पाण्याला कडी! आता हसू येतं. पण तेव्हा ती नीट बसली की नाही, हेसुद्धा मी परत एकदा ओढून पाहिलं होतं.

पूर ओसरल्यावर परत आलो. पुराचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळत नाही. कुजलेला ऊस, डिझेल, कुठंतरी मेलेलं काहीतरी, आणि या सगळ्याच्या बुडाशी ओल्या मातीचा वास, जो एरवी आपण छाती भरून घेतो. पाणी ओट्याच्या कडप्प्यापर्यंत चढून उतरलं होतं. भिंतीवर त्याची रेघ होती, कुणी पट्टी लावून मारावी तशी सरळ.

ओट्याखालची आमची कपाटं पार्टिकल बोर्डाची होती, म्हणजे भुसा दाबून केलेल्या फळ्यांची, वरून सागवानी रेघांचा कागद चिकटवलेला. लग्नानंतर हौसेनं करून घेतलेली. पाहुणे आले की दीपक मुद्दाम एखादं दार उघडून दाखवायचा. आता त्या फळ्या चहात बुडवलेल्या टोस्टासारख्या फुगल्या होत्या. दारं एकमेकांवर चढली होती, एक बिजागरीला लोंबत होतं. कडांचा कागद सुटून आतला तपकिरी लगदा दिसत होता. मी बोट लावलं तर बोट आत गेलं.

दीपक खतांच्या दुकानात कामाला. दुकानाचं गोदामच पाण्यात गेलेलं, तेव्हा पुढच्या पगाराचं खरं नव्हतं. नवी कपाटं कुठून आणायची? गावातल्या सुतारांना मान वर करायला सवड नव्हती. ज्याला विचारावं तो दिवाळीनंतर बघू म्हणायचा.

"काढून टाकू सगळं," दीपक म्हणाला. "ओट्याला पडदा लावू. आमच्या आईनं जन्मभर पडद्यावर काढलं."

"पडद्याच्या मागं काय बसलंय ते कसं दिसणार?"

कोपऱ्यावरच्या घरात वॉशिंग मशीनमधून घोणस निघाली होती, हे त्यालाही माहीत होतं. त्या दिवसांत चपलांच्या रॅकमध्ये, गाद्यांच्या घडीत, मोटारसायकलच्या सीटखाली साप निघत होते. बिचारे तेही घर बुडाल्यामुळं बाहेर पडलेले. पण माझी ओवी रांगत होती. तिला जग भेटायचं ते जमिनीलगत. उघडं भोक दिसलं की हात घाल, दार दिसलं की ओढ.

"मला दार पाहिजे," मी म्हणाले. "घट्ट लागणारं."

हे दीपकनं फोनवर सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी नाना आले. माझे सासरे. पलटणीत तोफखान्यात होते, त्यात डावा कान गेला आणि उजव्यालाही मोठ्यानं बोलावं लागतं. सासूबाई गेल्यापासून कुंडलला एकटेच असायचे. एका पोत्यात करवत, पटाशी, हातोडी घेऊन दारात उभे राहिले. आत येऊन त्यांनी कपाटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"सुतार न्हाई मी, पोरी. पर हात हायत की. तू टेलर हायस, मापं तू घे. कापतो मी."

तोपर्यंत नानांशी माझं बोलणं म्हणजे 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' एवढंच होतं. त्या हंगामात आम्ही दोघं एका ओट्याखाली राबलो. आधी चुकलोच. ओल्या फळीला करवत लावली तर तिचा भुगा झाला. मग तळ तेवढे जागीच ठेवून बाकीच्या फळ्या सुट्या करून गच्चीवर नेल्या. ऊन पडलं की पसरायच्या, ढग आला की धावत जाऊन झाकायच्या. घरात पंखा लावून भिंती वाळवायच्या. गणपती आले, बाहेरच्या खोलीत शेगडी मांडून मी मोदक उकडले, गणपती गेले, तरी वाळवणं चालूच होतं. फुगलेली फळी पुन्हा कधी बसत नाही, हे वाळल्यावर समजलं. तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो.

मी कापडावर खुणा करायचा खडू घेऊन फुगीच्या वर रेघ मारायची, नाना कापायचे. साडीचा कुजलेला काठ कापून नवा फॉल लावावा, तसं आम्ही प्रत्येक कपाटाला खालून कडप्प्याची पट्टी लावली. कडप्पा गल्लीत फुकट मिळाला. लोकांनी फुटके ओटे काढून बाहेर टाकले होते. कापलेल्या उघड्या कडांना ऑइलपेंट चोळला. भुसा फुगून स्क्रूची भोकं सैल झाली होती, त्यांत बांबूच्या काड्या गोंद लावून ठोकल्या आणि वाळल्यावर स्क्रू त्यात पिळले. काम बेढब होतं. पण रोज थोडं थोडं उभं राहत होतं.

आणि रोज मला आवाज यायचा.

ओट्याखाली, कपाटांच्या बुडाशी, फरशी आणि फळीच्या मध्ये वीतभर पोकळी होती. समोरून तिला लाकडी पट्टी ठोकलेली. ती पट्टी पुरात टिकली होती, म्हणून आम्ही ती शेवटी काढायचं ठरवलं होतं. तिच्या मागं काहीतरी सरकायचं. कोरडं, हलकं. रेशमी कापड टेबलावरून घसरावं तसं. मी भाजी चिरता चिरता थांबायची. थांबले की तेही थांबायचं.

"नाना, आवाज आला?"

"मला कुटनं याचा आवाज? उंदीर आसल."

मी स्टुलावर पाय घेऊन चपात्या लाटू लागले. ओवीला बाहेरच्या खोलीत ठेवून मधल्या दाराला फळी आडवी लावायची. ती फळीपाशी येऊन हात वर करून रडायची आणि मी इकडून तिला गाणी म्हणायची, पण जायची नाही, कारण जायचं तर ओट्यासमोरून जावं लागे. आपल्याच घरात तीन पावलं टाकवत नाहीत, हे सांगणार कुणाला? दीपक दमून यायचा. त्याला एकदा सांगितलं तर म्हणाला, "पूर गेला गं, आता तरी नीट झोप." झोप कुठली. डोळा लागला की मला ओवीचा हात दिसायचा, काळ्या पोकळीत कोपरापर्यंत गेलेला.

शेवटी नानांनी ती पट्टी काढली. खिळा कर्र करत निघाला. मी बॅटरी धरली होती. आत गाळ होता, वाळून भेगाळलेला, माझा हरवलेला चमचा होता, आणि गाळावर लांबच लांब, पांढरट, पारदर्शक अशी एक कात पडली होती. अख्खी. डोळ्यांच्या जागेच्या दोन गोल, टिकल्यांसारख्या खुणासुद्धा शाबूत.

नानांनी ती काडीनं ओढून वर्तमानपत्रावर घेतली. पंख्याच्या वाऱ्यानं ती हलली आणि मला तोच आवाज ऐकू आला.

साप पकडणारा एक माणूस दीपकनं बोलावून आणला. त्यानं ओट्याखाली, मोरीत, फ्रिजच्या मागं, सगळीकडं पाहिलं. काही मिळालं नाही. "धामणीची असावी," कात बघून तो म्हणाला. "गेली असावी." चांगला माणूस होता. पण 'असावी' या शब्दानं मी त्या दिवसांत जितकी भ्याले, तितकी घोणशीच्या नावानंही भ्याले नव्हते.

कपाटाचं दार उघडण्याआधी त्यावर टकटक करायची सवय मला तेव्हा लागली. अजून आहे. आत कुणी असलं तर त्याला निघून जायला अवधी मिळावा म्हणून. लोकांना वाटतं, बाई स्वभावानंच सभ्य आहे.

त्या कातीनंतर मी खालचं सगळं सामान वर हलवलं. भिंतीवर टांगलेलं एक लांबलचक कपाट होतं, पुराचं पाणी तिथवर गेलंच नव्हतं. डाळी, तांदूळ, साखर, पितळेची पातेली, वरवंटासुद्धा मी तिथं कोंबला. खाली अंधार होता, वर उजेड होता. वर काही होणार नाही, असं मी धरूनच चालले होते. पण भिंत रेघेपाशी थांबली नव्हती. वात तेल ओढते तशी ती आतल्या आत पाणी वर ओढत होती, आणि त्या कपाटाच्या पाठीची फळीही भुसाच होती.

दुपारची वेळ. दीपक दुकानावर, ओवी बाहेर झोपलेली. नाना फरशीवर उताणे पडून कोपऱ्यातल्या कपाटात खांद्यापर्यंत शिरले होते, पाय बाहेर. मी त्यांच्या हातात स्क्रू देत होते. डोक्यावर 'कट्' असा आवाज झाला. कुणी सुपारी फोडावी तसा. मी वर पाहिलं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक काळी रेघ दिसत होती, ती आधी नव्हती. मी बघत असताना ती रुंद झाली.

कधी उभी राहिले, हात कधी वर गेले, आठवत नाही. कपाटाची एक बाजू सुटली आणि सगळं ओझं माझ्या तळव्यांवर आलं. आत डबे घसरत एका बाजूला गोळा झाले. दार उघडून पोह्यांचा डबा ओट्यावर आदळला, झाकण उडालं, पोहे माझ्या केसांवर, नानांच्या पायांवर सांडले. मी डोकं कपाटाला टेकवून रेटा दिला. दुसऱ्या बाजूचे स्क्रू अजून धरून होते, पण ते भुशातून हळूहळू निघत असल्याचं मला तळव्यांत कळत होतं.

"नाना!"

त्यांना ऐकू गेलं नाही. आत ते हातोडी मारत होते.

"नाना! बाहेर या! नाना!"

ठक. ठक. ठक. आणि त्या ठोक्यांच्या मधून मला फळी खरवडल्याचा आवाज आला. मान वळवता येत नव्हती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसलं ते एवढंच, की मधल्या दाराची आडवी फळी कलंडली आहे आणि ओवी तिच्यावरून हात पुढं टाकत येते आहे. जागी झाली होती, आई दिसली होती, हसत होती. पांढरे पोहे फरशीवर पसरलेले, ते बघून तर ती आणखी वेगानं निघाली. माझ्या पायांशी येऊन बसली, बरोबर त्या कपाटाच्या खाली, आणि एक एक पोहा चिमटीत धरून तोंडात घालू लागली.

सोडलं तर तिच्यावर. नाही सोडलं तर किती वेळ? डोळ्यांत घाम उतरत होता. ओरडून ओरडून माझा आवाज फाटला. ओवी दचकून वर बघायला लागली आणि तिचं तोंड रडण्यासाठी वाकडं झालं.

लहानपणापासून थोरांना पाय लागला तर चटकन वाकून नमस्कार करायचा, हे हाडीमांसी भिनलेलं. मी उजवा पाय उचलला आणि नानांच्या मांडीवर सगळ्या ताकदीनिशी लाथ मारली. आणि परत मारली.

ते बाहेर आले. चेहऱ्यावर आधी राग होता, मग त्यांनी वर पाहिलं. त्यांनी ओवीला फ्रॉकला धरून फरशीवरून सरळ दाराबाहेर सरकवलं आणि उठून पाठ कपाटाखाली दिली.

"सोडू नगंस," ते म्हणाले. "मी हाय."

माझ्या ओरडण्यानं शमीमभाभी पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या. "या अल्ला, हे काय झालं!" म्हणत त्यांनी ओवीला कडेवर घेतलं, आणि दुसऱ्या हातानं एक एक डबा, एक एक पातेलं काढून ओट्यावर ठेवू लागल्या. वरवंटा निघाला तेव्हा ओझं हललं. कपाट रिकामं झाल्यावर आम्ही ते उतरवून फरशीवर ठेवलं. भिंतीत चार भोकं राहिली, ओली. त्यांतून रेती गळत होती.

मी नानांच्या पाया पडायला वाकले. "नाना, पाय लागला."

"लागला न्हाई, हानलास," ते म्हणाले. "बेस हानलास." आणि हसायला लागले. हसता हसता खाली बसले. भाभींनी चहा करून आणला, तो त्यांना धरवेना. त्यांनी कप फरशीवर ठेवला.

"एक सांगू, पोरी? मला लांबड्याचं लय भ्या वाटतं. ल्हानपनापासनं. तोफंम्होरं हुबा ऱ्हायलो, तवा एवढं न्हाई वाटलं. ती कात निघाल्यापासनं मी आत डोकं घालतूय ते डोळं मिटून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आदीच भ्यालेली. दोगंबी भ्यालो आसतो तर दारं कुनी लावली आसती?"

मला रडू आलं. आजवर मला वाटत होतं की या घरात भ्यायचं काम माझ्या एकटीकडंच आहे. हा उंचापुरा माणूस रोज माझ्याकडं न बघता, डोळे मिटून त्या अंधारात शिरत होता. भीती कमी झाली नाही. पण तिची राहण्याची जागा बदलली. आतापर्यंत ती माझ्या छातीत होती, आता ती आमच्या दोघांच्या मध्ये, फरशीवर, चहाच्या कपांशेजारी बसली होती आणि आम्हा दोघांनाही दिसत होती. त्यानंतर नाना आत शिरण्याआधी म्हणायचे, "बॅटरी धर गं." मी धरायची. माझा हात हलायचा, उजेड हलायचा. कुणी कुणाला हसलं नाही.

पडलेलं कपाट परत वर टांगलं नाही. त्याच्या पाठीची फळी गेली होती, पण बाजूच्या आणि मधल्या फळ्या कोरड्या, धडधाकट होत्या. त्यांतून खालच्या कपाटांचे तळ झाले आणि दोन दारंही. म्हणून आमच्या ओट्याखाली आजही दोन दारं गडद आहेत आणि बाकीची फिकी. पोकळी नानांनी विटा आणि सिमेंटनं बुजवून टाकली. कात टाकून गेलेलं ते जनावर कुठं गेलं, ते कधी कळलं नाही. पोकळी बुजवताना ते आत नव्हतं, एवढं आम्ही दोघांनी पाहिलं. मी पाहिलं, त्यांनी पाहिलं, परत मी पाहिलं.

नवरात्रात शेवटचं दार बसलं. सकाळची वेळ होती. नानांना संध्याकाळच्या गाडीनं कुंडलला जायचं होतं, ते पोत्यात हत्यारं भरत होते. मधल्या दाराची फळी मी त्या दिवशी काढून ठेवली होती. ओवी रांगत आली, कपाटापुढं बसली. गडद दाराची स्टीलची मूठ उन्हात चमकत होती. तिनं ती एका हातानं धरली, मग दुसऱ्या हातानं. ओढून दार उघडेल असं मला वाटलं. पण तिनं दार ओढलं नाही. तिनं स्वतःला ओढलं. एक गुडघा उचलला, पाऊल टेकवलं, ते घसरलं, परत टेकवलं, आणि ती उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा.

तिचं सगळं वजन त्या मुठीवर होतं. मूठ दारावर, दार बिजागरीच्या स्क्रूंवर, स्क्रू बांबूच्या काड्यांवर, काड्या भुशात. दार कुरकुरलं. मी झेप घेऊन गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात तिच्या बाजूंनी धरले.

"हात काढ की," नाना म्हणाले. "हुबी ऱ्हायलीया ती."

"नको नाना. सुटलं तर?"

त्यांनी दाराकडं पाहिलं. बिजागरी न्याहाळली, खालची कडप्प्याची पट्टी न्याहाळली. पोतं बाजूला ठेवून कष्टानं खाली बसले आणि आपले दोन्ही हात पुढं करून दाराच्या वरच्या कडेपाशी नुसते धरले.

"आसू दे तर मग," ते हळूच म्हणाले. "मीबी धरतो."

ओवी डुलत होती, हसत होती, मुठीवर थपडा मारत होती. तिच्याभोवती आमचे चार हात, कुठंही न टेकलेले. दार धरून राहिलं होतं.